आमचा छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ मोठी कंपनी घेणार असं चाललंय, सरांना काय सांगू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत सांगते. कोथरूडमधला सत्तर माणसांचा टूडी स्टुडिओ, सर आणि मॅडमनी बारा वर्षांपूर्वी चालू केलेला, निम्मं काम बाहेरच्या क्लायंटचं आणि निम्मं स्वतःच्या मुलांच्या मालिकेचं. आता एका मोठ्या कंपनीची माणसं तीनदा येऊन गेलीत, अकाउंट्सवाले जुन्या फायली काढतायत, एचआरने सगळ्यांच्या अपॉइंटमेंट लेटरच्या कॉप्या मागितल्यात. तू लीड अ‍ॅनिमेटर, साडेचार वर्षं झालीत, आणि सरांनी तुला केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं की तुला काय वाटतं, विकावा का. तुझं विचारणं असं की नोकरी राहील का, आपलं कॅरेक्टर आपलं राहील का, आणि सरांना उत्तर काय देऊ. ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते.

मी पुण्यात या कामात २००१ पासून आहे, लाइटबॉक्सवर कागद लावून इनबिट्वीन, म्हणजे दोन मुख्य ड्रॉइंगच्या मधली ड्रॉइंग, काढण्यापासून सुरुवात, आता प्रॉडक्शन बघते. एकदा मी जिथे होते तो स्टुडिओ विकला गेला, तेव्हा मी आतली होते, आणि नंतर दोनदा घेणाऱ्यांच्या बाजूने डिलिजन्सला, म्हणजे विकत घ्यायच्या आधीच्या कागदपत्रांच्या तपासणीला, बसले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. माझं मत असं झालंय की विकावा का हा नंतरचा प्रश्न. आधी हे ठरवा की विकल्यावर शॉट बघून "परत कर" कोण म्हणणार, आणि ते कागदावर कुठे लिहिलंय. किंमत, पगार, बोर्डवरचं नाव, सगळं त्याच्या मागून येतं.

हे नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक शॉट सांगते. आमच्याकडे रोज चारचा चहा यायच्या आधी डेलीज व्हायच्या, म्हणजे त्या दिवसाचे शॉट सगळ्यांनी एकत्र बघायचे, एक मोठा मॉनिटर आणि मागे दहा-पंधरा जण उभे. आजी पोळी लाटतेय एवढाच शॉट होता, तीन सेकंदांचा, म्हणजे बहात्तर फ्रेम, टूजवर, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून, काढला तर छत्तीस ड्रॉइंग. आमचे डायरेक्टर म्हणाले लाटणं फिरतंय पण पोळी फिरत नाहीये. त्या मुलाने परत केला, परत केला, बरेच रिटेक झाले, तरी ते काही जमेना. शेवटी डायरेक्टरनी डबा बनवून देणाऱ्या मावशींना पोळपाट-लाटणं घेऊन वर बोलावलं, आणि आम्ही सगळे गोल उभे राहून बघत होतो. तेव्हा लक्षात आलं की मावशी पोळी हाताने फिरवतच नाहीत, एका हाताचा जोर जरा जास्त पडतो म्हणून ती लाटण्याखाली आपोआप सरकत सरकत फिरते, आणि खांदा आधी हलतो, मनगट मागून येतं. पुढचा टेक असा आला की खोलीत कोणी बोललंच नाही. त्या मुलाला त्या दिवशी जे कळलं ते तो आजही त्याच्या हाताखालच्या पोरांना शिकवतो.

टेकओव्हर झाल्यावर कोणी आम्हाला वाईट वागवलं नाही, हे मुद्दाम सांगते. डेलीज फक्त बंद झाल्या. शॉट रात्री पोर्टलवर चढवायचा, दुसऱ्या शहरात बसलेला कोणीतरी बघणार, दोन दिवसांनी शेरा येणार, बहुतेक वेळा नुसतं "मंजूर". डेडलाइनमध्ये बसतंय ना, मग मंजूर. वर्षभरात आमच्यातले चांगले सात-आठ जण सोडून गेले, आणि त्यातल्या कोणीही पगाराचं कारण दिलं नाही.

आता बाहेरची उदाहरणं, कारण सरांनाही तीच आठवत असणार. डिस्नेने पिक्सार घेतलं ते २००६ मध्ये, ७.४ अब्ज डॉलरला, आणि सगळे म्हणतात बघा विकूनही पिक्सार पिक्सारच राहिलं. ते कसं राहिलं ते बघ. कॅलिफोर्नियात एमरीव्हिलमधली पिक्सारची जागा आणि पाटी तीच राहणार, एचआरची पद्धत बदलणार नाही, हे आधीच ठरवून घेतलं होतं, आणि वर एड कॅटमुल आणि जॉन लॅसेटर हे पिक्सारचेच लोक डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्याही डोक्यावर बसले. म्हणजे पैसा डिस्नेकडून गेला आणि "परत कर" म्हणायचा अधिकार पिक्सारकडून आला. हे जमलं कारण डिस्नेला त्यांची गरज होती, पिक्सारच्या बाजूने स्टीव्ह जॉब्झसारखा माणूस समोर बसला होता, आणि सह्या व्हायच्या आधी मागितलं होतं. सही झाल्यावर मागितलं तर कोणी देत नाही.

ब्लू स्कायचं उलट झालं, आणि त्यातली गोम लोक विसरतात. तो स्टुडिओ फॉक्सचा होता, आइस एजवाला, चांगला चाललेला. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भागच घेतला, त्यात ब्लू स्काय सोबत आला, आणि डिस्नेकडे आधीच स्वतःचे दोन अ‍ॅनिमेशन स्टुडिओ. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर झालं, साडेचारशेच्या आसपास माणसं होती, आणि निमोना नावाची फिल्म अर्धीमुर्धी सोडून द्यावी लागली. ती नंतर दुसऱ्यांनी उचलली, २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली, पण तोपर्यंत तो स्टुडिओ नव्हता. म्हणून सरांना सांग की जो घेतोय त्यालाच उद्या तिसऱ्याने घेतलं तर आपल्या अटी त्या तिसऱ्यालाही लागू राहतील असं वाक्य करारात हवं. वकील हे लिहून देतात, फक्त मागावं लागतं.

आपल्याकडचं बघायचं तर मोटू पतलूवाली कॉसमॉस-माया, २०१८ मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या एमराल्ड मीडियाने कंट्रोल घेतलं आणि २०२१ मध्ये ते न्यूक्वेस्ट या दुसऱ्या गुंतवणूकदाराकडे गेलं. यात कोणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये, गुंतवणूकदार फंड असेच चालतात, घेतात, वाढवतात, काही वर्षांत पुढे विकतात. पण तुमच्याकडे येणारी कंपनी फंड आहे, का स्वतः कार्यक्रम बनवणारी आहे, का नुसती सर्व्हिस, म्हणजे दुसऱ्यांची कामं, करून देणारी मोठी फॅक्टरी आहे, हे आधी विचारा, कारण प्रत्येकाला तुमच्यातलं वेगळं काहीतरी हवं असतं. फंडाला आकडे हवेत, चॅनलवाल्याला कॅरेक्टर हवं, फॅक्टरीला तुमची सत्तर माणसं आणि क्लायंटची यादी हवी. फॅक्टरीवाला असेल तर तुमची मालिका त्याच्या दृष्टीने फक्त खर्च आहे हे धरूनच चाला. आणि मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित असंही नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हिज्युअल इफेक्ट्सचा जगभर पसरलेला ग्रुप कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो लोकांचं काम एका झटक्यात गेलं, त्यात आपले मराठी पोरंपोरीही होते.

अर्थात न विकणं म्हणजेच पुण्य असंही मला वाटत नाही. ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकेतल्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं. काम ठरलेल्या रकमेत घ्यायचं, क्लायंटचे बदल वाढत जायचे, आणि फिल्म कितीही चालली तरी स्टुडिओला त्यातला वाटा नाही, या गणितात उत्तम कलाकार असलेली जागाही बुडते. पुढे ती मुंबईतही काम असलेल्या प्राणा स्टुडिओशी जोडलेल्या कंपनीने घेतली. तेव्हा सरांच्या डोक्यावर कर्ज असेल, क्लायंटचे पैसे सहा-सहा महिने अडकत असतील, तर विकणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि त्यांना तो अपराधीपणाशिवाय घेता आला पाहिजे. बारा वर्षं सत्तर घरांचे पगार काढणं सोपं नाही.

दोन वेगळ्या वाटाही सांगते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओने २०१८ मध्ये ७५ टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिले, संस्थापकांना माहीत होतं की आपण गेल्यावर कोणीतरी येऊन घेणार, म्हणून हयात असतानाच सोय केली. इंग्लंडमध्ये त्यासाठी कायद्याने बनवलेला ट्रस्टचा मार्ग आहे, आपल्याकडे तसा तयार रस्ता नाही, पण ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, देऊन दहा-पंधरा मुख्य माणसांना हिस्सेदार करणं प्रायव्हेट लिमिटेडमध्ये नक्की होतं. आणि जपानचा जिबली स्टुडिओ. तो चालवणारे मियाझाकी आणि सुझुकी म्हातारे झाले, मियाझाकींच्या मुलाने एकट्याने सांभाळायला नकार दिला, तेव्हा २०२३ मध्ये निप्पॉन टीव्ही या तिथल्या चॅनलने ४२.३ टक्के मतदानाचे हक्क घेतले, मॅनेजमेंट त्यांनी बघायची आणि फिल्म स्टुडिओने बनवायच्या. सगळं विकायलाच पाहिजे असं नसतं, हे सरांना या उदाहरणावरून सांगता येईल, विशेषतः तू लिहिलंयस तसं त्यांची मुलगी या कामात येणार नसेल तर.

आता कॅरेक्टर. इथे माझा अनुभव सविस्तर सांगते कारण बहुतेक डील इथेच अडतात. मी डिलिजन्सला बसले होते तो एक स्टुडिओ, त्यांचं मुख्य कॅरेक्टर नऊ वर्षांपूर्वी एका फ्रीलान्सरने डिझाइन केलेलं. कागद काय, तर एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि पंधरा हजारांची एनईएफटी. घेणाऱ्यांचा वकील म्हणाला हक्क तुमच्याकडे आल्याचं लेखी दाखवा, आणि तिथेच घोडं अडलं. कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ प्रमाणे पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून काढलेलं काम उलट काही ठरलं नसेल तर मालकाचं असतं, पण बाहेरच्या माणसाकडून हक्क घ्यायचे तर त्याच्या सहीचं लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क दिल्याचा कागद, लागतंच, आणि त्यातही मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणजे कोणी "सर्व हक्क दिले" एवढंच लिहून सही केली असेल तरी सहाव्या वर्षी वाद उभा राहू शकतो. तीन आठवडे भिजत घोंगडं. शेवटी स्टुडिओचे मालक आणि मी स्टॅम्प पेपर घेऊन साताऱ्याला गेलो, ते गृहस्थ आता तिथे शाळेत चित्रकला शिकवतात. अंगणात पाट टाकून बसलो, त्यांनी सगळा कागद वाचला, आणि विचारलं, "माझं नाव राहील ना?" पैशाचं त्यांनी विचारलंही नव्हतं. मालकांनी तिथल्या तिथे रक्कम वाढवली आणि क्रेडिटचं कलम हाताने लिहून दोघांनी सह्या केल्या. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा लेखकाचा, चित्रकाराचा हक्क त्याच्याकडेच राहतो, पण कागदावर असलं की भांडावं लागत नाही.

म्हणून तुमच्याकडे जो जो बाहेरचा माणूस कॅरेक्टरला, टायटल साँगला, स्क्रिप्टला हात लावून गेलाय त्याची यादी आत्ताच काढा. समोरच्या वकिलाने हे भोक शोधलं की तो किंमत पाडतो, तुम्ही आधी बुजवलंत तर पाडता येत नाही. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचंही तेच, हार्मनी, माया, जे काही वापरता त्याच्या विकत घेतलेल्या सीट आणि ते वापरणारी माणसं जुळली पाहिजेत. आणि क्लायंटच्या करारात मालकी बदलली तर करार रद्द करता येईल असं कलम आहे का बघा, असेल तर त्या क्लायंटशी सरांनी स्वतः बोलावं, बाहेरून कळलं तर तो दुखावतो.

मालिका विकायचीच असेल तर एक अट नक्की टाकायला सांग: ठरावीक वर्षं नवीन भाग बनले नाहीत तर कॅरेक्टरचे हक्क परत सर-मॅडमकडे. मोठ्या कंपन्या कॅरेक्टर घेतात आणि कपाटात ठेवतात, दुष्टपणाने नाही, त्यांच्याकडे आधीच चाळीस असतात.

यापुढचं सरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, अर्न-आउट. किमतीचा काही भाग सहीला मिळतो आणि बाकीचा पुढच्या दोन-तीन वर्षांत टार्गेट गाठलं तर. ऐकायला रास्त वाटतं. पण टार्गेट नफ्यावर बांधलेलं असेल तर काय होतं ते मी जवळून बघितलंय. आमच्याकडे सहा जणांची एक छोटी खोली होती, स्वतःच्या शॉर्टफिल्मवर काम करायची. ती फिल्म म्हणजे खर्च, खर्च म्हणजे नफा कमी, नफा कमी म्हणजे मालकांचे पैसे बुडणार. चार महिन्यांत त्या सहाही जणांना सर्व्हिसच्या कामावर बसवलं, आणि बसवणारे बाहेरचे कोणी नव्हते, ज्यांनी ती खोली हौसेने उभी केली होती तेच आमचे मालक होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांचा दोष मी आजही मानत नाही, करारच तसा होता. तेव्हा सरांना सांग, टार्गेट नफ्यावर नको, वेळेत दिलेल्या एपिसोडवर आणि टिकलेल्या माणसांवर घ्या, आणि मालिकेच्या डेव्हलपमेंटचं बजेट त्या हिशोबाच्या बाहेर ठेवून घ्या.

तुझी स्वतःची नोकरी. कंपनीचे शेअर विकले गेले तर तुझी कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो, लेटर, पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं तसंच चालू. पण धंदा उचलून दुसऱ्या कंपनीत टाकला तर तुला नवीन लेटर मिळणार, आणि इथे जपायचं. जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स अ‍ॅक्टच्या २५एफएफ मध्ये होतं आणि नवीन लेबर कोडमध्येही आहे की सेवा खंडित न होता, आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर नव्या मालकाने घेतलं तर ठीक, नाहीतर भरपाई द्यावी लागते. पण ते कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी, लीड आणि सुपरवायझर लोक त्यात बसतात का यावर वाद होतो, म्हणून भरवशावर राहू नकोस. तुझी साडेचार वर्षं झालीत, ग्रॅच्युइटीला सलग पाच लागतात. एचआर म्हणेल फॉर्मॅलिटी आहे, राजीनाम्यावर सही करा आणि नवीन ऑफर घ्या. "आधीची सेवा सलग धरली जाईल" हे वाक्य लेटरमध्ये छापलेलं असल्याशिवाय सही करू नकोस, आणि टीमलाही हेच सांग, विशेषतः त्या तीन-चार वर्षं झालेल्या पोरांना, ते घाबरून आधी सही करतात.

नवीन लेटरमध्ये नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या स्टुडिओत काम करायचं नाही असंही असेल कदाचित. इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी नोकरदारावर टिकत नाही. सर-मॅडमवर मात्र टिकू शकते, कारण धंद्याचं गुडविल, म्हणजे नाव आणि ग्राहक, विकणाऱ्याला ते कलम अपवाद करतं, म्हणून किती वर्षं आणि कुठल्या भागापुरती हे त्यांनी घासाघीस करून ठरवावं. पन्नाशीत पाच वर्षं हात बांधून घेणं फार होतं.

लॉ कॉलेज रोडवरून रोज जात असशील. एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची ती जागा मूळची प्रभात फिल्म कंपनीची, कोल्हापुरात पाच भागीदारांनी १९२९ मध्ये चालू केलेली कंपनी १९३३ मध्ये तिथे आली, आणि १९३४ मध्ये त्यांनी जंबूकाका नावाची अ‍ॅनिमेशन फिल्म केली, तेव्हा देशात हे काम करणारे बोटावर मोजण्याइतके होते. पुढे भागीदार पांगले, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, आणि दहा-बारा वर्षांत कंपनी संपली. शेड आजही उभ्या आहेत. मी तिथून जाताना दर वेळी विचार करते की जंबूकाकाची ड्रॉइंग कोणी काढली असतील, इनबिट्वीन कोण करत असेल, आणि त्यांनी पुढे काय केलं असेल.

सरांना कधी बोलायचं, तर या आठवड्यात. टर्मशीट, म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींचा पहिला कागद, आली की तिच्यात बहुतेक गोष्टी बंधनकारक नसतात पण एक असते, ठरावीक दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. त्यावर सही झाली की तुमचा जोर संपतो. रविवारी सकाळी घरी जा, ऑफिसमध्ये नको, मॅडमही असू देत, कारण माझ्या अनुभवात पैशाचं एक बघतो आणि माणसांचं दुसरा. डायरेक्टरचा अंतिम शब्द किमान तीन वर्षं स्टुडिओतच, डेलीज इथेच, किमतीतला काही हिस्सा टीमसाठी वेगळा, आणि हे सगळं पत्रात नाही, मुख्य करारात. कंपनी नाही म्हणाली तरी कशाला नाही म्हणाली यावरून सरांना उत्तर मिळेल.

एक राहिलं. तुमच्या पहिल्या सीझनची कागदी रफ आणि मॉडेल शीट कपाटात असतील. आमची शिफ्टिंगच्या दिवशी खोक्यात भरून गोडाऊनला गेली, कुठल्याच यादीत नव्हती, नंतर शोधायला गेले तेव्हा कोणालाच काही सांगता येईना. ती आत्ताच स्कॅन करा, खोक्यांना नंबर टाका, आणि मूळ कागद कोणाकडे राहतील ते कराराच्या परिशिष्टात लिहून घ्या. त्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे असते ते आजच बघ.